कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीही बाकावरच. अजून सुधारतो का खेळाडू?

हिमकाका | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

क्रिकेटचे धागे ढिगाने, कबड्डीचेही दोन-चार आहेत. बास्केटबॉलचा एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतोय. चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

आमचे चिरंजीव अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहानशा कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहेत आणि तिथल्या बास्केटबॉल संघात आहेत. डिव्हिजन थ्री. म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती नाही, टीव्ही नाही, एनबीएचं (तिथली व्यावसायिक लीग) स्वप्न तर नाहीच नाही. फी आपली, घाम आपला. सराव मात्र रोजचा. उंची सहा फूट तीन इंच. हायस्कुलात पहिल्या पाचात असायचा, थ्री (लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट) मारणारा म्हणून गावात नाव होतं.

आता परिस्थिती अशी. गेला हंगाम आणि हा हंगाम मिळून २६ सामन्यांत कोर्टवर उतरला, सरासरी पाच मिनिटं. तीसुद्धा बहुतेक वेळा सामना खिशात असताना किंवा हातातून गेल्यावर. थ्रीचे प्रयत्न २१, आत गेले ४. फ्री थ्रो (फाऊलनंतरचे मोकळे शॉट) १३ पैकी ११. टर्नओव्हर, म्हणजे हातातला बॉल समोरच्यांकडे घालवणं, १४.

परवा शनिवारी पहिल्या हाफची तीन मिनिटं उरली असताना कोचने त्याला घातलं. हातात आलेला पहिलाच बॉल याने थ्रीला उडवला. रिंगला लागलासुद्धा नाही. पुढच्या खेपेला समोरचा गार्ड याच्या खांद्यावरून वारा गेल्यासारखा गेला. दीड मिनिटात बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये कोचने त्याच्याकडे बघितलंही नाही.

परतीचा अडीच तासांचा रस्ता, बर्फ. बायको म्हणाली, "अजून किती दिवस बसवायचं त्याला तिथे?" मी म्हटलं, बसवतोय कोण, तोच बसलाय.

प्रश्न सरळ आहे. एकविसाव्या वर्षी, दोन-अडीच हंगाम बाकावर काढल्यावर, खेळाडू खरंच सुधारू शकतो का? की आता अभ्यासाकडे बघ म्हणायची वेळ आली? उगाच पाठ थोपटणारे प्रतिसाद नकोत. बायकोही वाचणार आहे, पण तरी नकोत.

---

सह्याद्रीचा_वारा | १२ जानेवारी, रात्री १०:०२

काका, एकलव्याला कुणी कोर्टवर घेतलं होतं का? मेहनत करणाऱ्याला देव यश देतोच. मुलाला आशीर्वाद.

---

तिरकस | १२ जानेवारी, रात्री १०:१५

एकलव्याचं पुढे काय झालं ते आठवतंय ना? शूटिंगचा हात सांभाळायला सांगा पोराला.

---

बॅजर_बंडू | १२ जानेवारी, रात्री ११:३१

काका, अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी मॅडिसनला शिकलो, विस्कॉन्सिन विद्यापीठाचा संघ म्हणजे आमचा देव. त्यामुळे फ्रँक कमिन्स्कीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

हा इलिनॉयचा पोरगा २०११ मध्ये आमच्याकडे आला. उंची सात फूट, चाल बदकाची. पहिल्या वर्षी सामन्याला ७.७ मिनिटं आणि १.८ गुण. दुसऱ्या वर्षी १०.३ मिनिटं आणि ४.२ गुण. दोन वर्षं संपली तेव्हा याला कुणी विचारत नव्हतं. आम्ही विद्यार्थी तर तो उतरला की नाचोज आणायला उठायचो. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वर्षी सरासरी १३.९. त्याच हंगामाच्या सुरुवातीला नॉर्थ डकोटाविरुद्ध एका सामन्यात ४३ गुण, विद्यापीठाचा विक्रम. चौथ्या वर्षी १८.८ गुण आणि ८.२ रिबाऊंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), आणि २०१५ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्या वर्षी उपांत्य सामन्यात आम्ही केंटकी विद्यापीठाला हरवलं, ७१-६४. तोवर ते ३८ जिंकून एकही हरले नव्हते. नंतर एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, शार्लट संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं.

म्हणजे उत्तर "हो" असं वाटेल. पण यातली गंमत वेगळीच आहे. जरा भागाकार करून बघा. ४० मिनिटांच्या पूर्ण सामन्याच्या हिशेबात त्याचे गुण पहिल्या वर्षी साधारण साडेनऊ पडतात, दुसऱ्या वर्षी सव्वासोळा, तिसऱ्या वर्षी साडेवीसच्या आत-बाहेर. म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्या वर्षात, जेव्हा सगळे "अरे हा कुठून उगवला" म्हणाले, तेव्हा त्याचा खेळ मिनिटामागे पाव हिश्श्यानेच वाढला होता. वाढली होती ती मिनिटं, दहाची सत्तावीस झाली. खरी उडी त्याआधीच, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये मारून झाली होती. बाकावर बसल्या बसल्या. आम्ही नाचोज आणायला गेलो होतो तेव्हा.

आणि मिनिटं का वाढली? कारण बेरग्रेन, इव्हान्स आणि ब्रुसविट्झ हे उंच, जुने तिघंही २०१३ च्या उन्हाळ्यात शिकून बाहेर पडले. जागा रिकामी झाली. आमचे कोच बो रायन यांची पद्धतच ती होती, दोन वर्षं मुरू द्यायचं, मग वाढायचं. लोणच्यासारखं.

तेव्हा काका, मुलगा सुधारतोय का आणि मुलाला मिनिटं मिळणार का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही दुसऱ्याचं उत्तर बघून पहिल्याचं ठरवताय.

---

तिरकस | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

बंडूशेठ, भागाकार झकास. तीन शंका.

एक, तुमचा कमिन्स्की सात फुटी होता. सात फुटी माणसाला दोन वर्षं मुरवतात, सहा-तीनवाल्याला मुरवत नाहीत, त्याच्यासारखे प्रत्येक गल्लीत चार असतात.

दोन, जे बाकावरून उठून महाराज झाले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक असतात. जे चार वर्षं टॉवेल हलवून पदवी घेऊन गेले, त्यांच्या गोष्टी सांगायला कोण येतं?

तीन, मिनिटामागे गुण हा हिशेब दहा मिनिटांवाल्याला नेहमी धार्जिणा असतो. समोरही थकलेले किंवा राखीव गडीच असतात.

शिवाय तो काळ गेला. २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, २०२४ पासून तर कितीही वेळा बदला. डिव्हिजन वनचा (सर्वात वरच्या पातळीचा) कोच आता दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मुरवत बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या बरणीतलं तयार लोणचं आणतो. पैसेही देतो वर.

---

बॅजर_बंडू | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

तिसरी शंका मान्य. दुसरी अर्धी मान्य. पहिलीला उत्तर आहे, पण ते लिहिताना जखमेवरची खपली निघते.

६ एप्रिल २०१५, इंडियानापोलिस, अंतिम सामना, समोर ड्यूक विद्यापीठ. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही ४८-३९ ने पुढे. कमिन्स्की झकास खेळतोय. आणि ड्यूकच्या बाकावरून पहिल्या वर्षाचा एक पोरगा उठतो, ग्रेसन अॅलन. उंची सहा-पाच. हंगामाची सरासरी ४.४ गुण, मिनिटं नऊच्या आसपास. पठ्ठ्याने लागोपाठ आठ गुण ठोकले आणि सामना फिरवला. एकूण १६. आम्ही ६८-६३ ने हरलो. पुढच्या वर्षी त्याची सरासरी २१.६.

दोन्ही बाजूंना बाकावरून आलेलेच. आमच्यावाला दोन वर्षं बसला होता, त्यांच्यावाला पाच महिने. आम्हाला रडवलं ते पाच महिनेवाल्याने.

---

आकडेमोड | १३ जानेवारी, दुपारी १२:४४

नागपूरहून हजर. बास्केटबॉल कळत नाही, भागाकार कळतो. धाग्यात आकडे दिसले म्हणून थांबलो.

हिमकाका, २१ पैकी ४ म्हणजे १९ टक्के. ऐकायला भयंकर. पण समजा तुमचा मुलगा खरोखर ३५ टक्क्यांचा शूटर आहे, म्हणजे चांगला. असा मुलगा २१ वेळा मारतो तेव्हा चार किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता मी आत्ता काढली: सुमारे ९ टक्के. अकरापैकी एका मुलाच्या वाट्याला निव्वळ नशिबाने हा आकडा येतो. तुमच्या संघात अशी पंधरा-सोळा मुलं असतील तर एखादा असा निघण्याचीच शक्यता जास्त. २१ प्रयत्नांवरून कुणाचंही शूटिंग ठरवता येत नाही. चांगलं तर नाहीच, वाईटही नाही.

हे दुसऱ्या बाजूनेही लागू आहे हं. हायस्कुलातला गावगाजा आकडा किती प्रयत्नांवरचा होता?

मला १३ पैकी ११ जास्त बोलका वाटला. तोही नमुना लहानच, पण फ्री थ्रोला समोर हात घालायला कुणी नसतं, घाई नसते, अंतर ठरलेलं. मनगट बरं असेल असा अंदाज त्यावरून करता येतो. १४ टर्नओव्हर मात्र, १३० मिनिटांत, हे मला कळत नसूनही जास्त वाटतात.

---

नागपाडाकर | १३ जानेवारी, रात्री १०:१८

टर्नओव्हरवर बोट ठेवलंत, आकडेमोडसाहेब. बास्केटबॉल कळत नाही म्हणता, पण कोचची नजर आहे.

मी मुंबईचा, नागपाड्याचा. तिथे पोरगं चालायला लागलं की बोर्डाकडे बघतं. बच्चू खान यांच्या नावाच्या मैदानाजवळ वाढलो. सिमेंटचं कोर्ट, गुडघ्यांची सालपटं, आणि हरलेली टीम बाहेर. बाहेर म्हणजे पुढचे दोन गेम बाहेर. त्यामुळे कुणी उगाच उडवाउडवी करत नसे. पुढे विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं होतो. त्यातलं पाऊण वर्ष बाकावर.

काका, तुमच्या शनिवारच्या दीड मिनिटाची गोष्ट वाचून मला माझाच पहिला आंतरविद्यापीठ सामना आठवला. उतरलो, बॉल आला, उडवला. का? कारण डोक्यात एकच: किती वेळ मिळणार माहीत नाही, आत्ताच दाखवून दिलं पाहिजे. प्रत्येक सब, म्हणजे बदली खेळाडू, याच गोष्टीने मरतो.

आमच्या कोचने नंतर सुनावलेलं अजून कानात आहे. म्हणाले, तुला आत घालतो तेव्हा मला तुझ्याकडून पॉइंट नको असतात. पॉइंट करणारे पाच जण आहेत माझ्याकडे, ते दमलेत म्हणून दोन मिनिटं बसवलेत. ते परत येईपर्यंत स्कोअर होता तिथे ठेव. बस.

हे म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण प्रेक्षकाला ते दिसत नाही. तुमचा माणूस बॉलपासून दोन पास लांब असेल तर तुम्ही त्याला चिकटून उभं राहायचं नाही. एक पाय रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, एक हात बॉलकडे, एक हात आपल्या माणसाकडे. बॉलवाला आत घुसला तर तुम्ही आडवे. मग तुमच्या मोकळ्या झालेल्या माणसाला दुसऱ्याने उचलायचं, आणि शॉट पडला की आधी पाठीने माणूस अडवायचा, मग बॉल बघायचा. हे सगळं बोलत बोलत. तोंड बंद ठेवणारा डिफेन्डर कोचला आवडत नाही. यातली एक कडी तुटली की समोरच्याला फुकटचा लेअप (रिंगजवळून सोपा शॉट). कोच बघतो ती कडी. आणि राखीव मुलाच्या हातून ती तुटते, कारण सरावात तो मुख्य पाचांबरोबर फार वेळ खेळलेलाच नसतो.

समोरचा गार्ड वारा गेल्यासारखा गेला म्हणता. पहिल्या पावलाचा वेग या वयात थोडाफारच वाढेल. पण एक हात मागे उभं राहायचं, त्याला डाव्या हाताला ढकलायचं, मागून मदत कुठून येणार हे आधी ओरडून विचारायचं, हे एकविसाव्या वर्षी काय, मी तर सत्ताविसाव्या वर्षी बँकेच्या टीमकडून खेळताना शिकलो. डिफेन्स अर्धा पायात, अर्धा डोक्यात. डोक्याला वयाची अट नाही.

शूटिंग सुधारून तो कोर्टवर जाणार नाही. टर्नओव्हर १४ चे ५ झाले तर जाईल.

---

फिजिओताई | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

नागपाडाकर, सुरेख लिहिलंत. मी खेळाडूंबरोबर काम करते, थोडं शरीराच्या बाजूने लिहिते.

हिमकाका, तुमचा मुलगा हायस्कुलात मारायचा ती थ्रीची रेषा रिंगपासून १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजच्या पुरुषांची रेषा आता आंतरराष्ट्रीय मापाची, २२ फूट पावणेदोन इंच. डिव्हिजन वनने ती २०१९ मध्ये आणली, डिव्हिजन थ्रीने वर्षभराने. फरक दोन फूट पावणेपाच इंचांचा. कागदावर काहीच नाही. पण एवढ्या लांबून मारताना ताकद पायांतून यावी लागते. पाय कमी पडले की मुलं खांद्याने ढकलायला लागतात, कोपर बाहेर येतं, बॉलची कमान सपाट होते. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. किंवा लागतच नाही.

आता तुमच्या शनिवारकडे बघा. सामन्याआधी वॉर्मअप झाला, मग प्रत्यक्ष घड्याळात पाऊण तास थंड हॉलमध्ये, गुडघे दुमडून बसलेला मुलगा. उठला आणि पहिल्याच झटक्यात बावीस फुटांवरून मारला. माझ्या मते त्या बॉलला रिंग लागली असती तर नवल.

करण्यासारखं: बाकाच्या टोकाला उभं राहायची परवानगी असेल तर उभं राहणं, टाचा उचलणं, टाइमआऊटला मागे दोन-तीन छोटे स्प्रिंट, हाफटाइमला लवकर बाहेर येऊन शॉट. आणि उन्हाळ्यात मांड्या-पार्श्वभागाची ताकद. वजन किती आहे त्याचं? सहा-तीनला ७५ किलोच्या खाली असेल तर आधी जेवण बघा. हॉस्टेलच्या मेसमध्ये मुलं कॉर्नफ्लेक्सच्या वाटीवर दिवस काढतात. एकविसाव्या वर्षी स्नायू वाढायला काहीही अडचण नसते. सोळाव्या वर्षापेक्षा उलट सोपं जातं.

---

हिमकाका | १४ जानेवारी, सकाळी ८:१२

७२ किलो.

बायकोने हा प्रतिसाद वाचून डिंकाचे लाडू करायला घेतलेत. डिंक इथल्या दुकानात मिळत नाही, गेल्या वर्षीचा पुरवून ठेवलेला होता. धन्यवाद, आता मला मिळणार नाहीत.

---

तिरकस | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

एका लाडवामागे किती गुण, आकडेमोड सांगतील.

---

मधुरा_के | १५ जानेवारी, रात्री १:०६

हॅलो सर्वांना. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, मी इथेच वाढले, आई तपासून देते आहे.

मी चार वर्षं डिव्हिजन थ्रीला खेळले. खेळले म्हणजे बसले. चौथ्या वर्षी माझी सरासरी सात मिनिटं होती आणि तो माझा सर्वात मोठा आकडा. तिरकस म्हणाले ना, टॉवेल हलवणाऱ्यांच्या गोष्टी कोण सांगतं? मी सांगते.

मी सुधारले का? खूप. पहिल्या वर्षी मला डाव्या हाताने लेअप येत नव्हता, शेवटच्या वर्षी मी डावीकडूनच जायचे. स्क्रीन (समोरच्याची वाट अंगाने अडवणं) कधी लावायची, कधी सोडून पळायचं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. मला मिनिटं मिळाली का? नाही. कारण माझ्या पुढची मुलगी माझ्याच वर्षाची होती आणि ती माझ्याहून चांगली होती, आणि तीसुद्धा दर वर्षी सुधारत होती. ती माझ्याबरोबरच पास झाली. माझ्यासाठी जागा रिकामी झालीच नाही. बंडूदादांच्या कमिन्स्कीच्या पुढचे तिघं आधी गेले, हे त्याचं नशीब.

चार वर्षं मी "स्काउट टीम"मध्ये होते. म्हणजे पुढच्या सामन्याच्या विरोधी संघाची नक्कल करायची, सरावात. मी प्रत्येक आठवड्याला नवीन कुणीतरी असायचे. एका आठवड्यात डावखुरी गार्ड, दुसऱ्या आठवड्यात फक्त कोपऱ्यातून मारणारी. व्हिडिओ बघून तिची प्रत्येक सवय शिकायची. बास्केटबॉल मी तिथे शिकले. तिथे चुकलं तरी कुणी बाहेर काढत नाही. काका, तुमचा मुलगा स्काउट टीममध्ये कसा खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे का? तिथे तो चांगला असेल आणि सामन्यात वाईट, तर खेळ आहे, भीती पण आहे. तिथेही वाईट असेल तर गोष्ट वेगळी.

दोन गोष्टी अजून. पुष्कळ डिव्हिजन थ्री कॉलेजांत ज्युनियर व्हर्सिटीचे सामने असतात, जेव्ही. तिथे तो तीस मिनिटं खेळू शकतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे जायची लाज वाटते, मला पण वाटली, मी दोन वर्षं गेले नाही. मूर्खपणा. तीस मिनिटांत तुम्ही चुकता आणि मग ती चूक दुरुस्त करायला पंचवीस मिनिटं असतात.

आणि कोचशी त्यानेच बोलायचं, तुम्ही नाही. "मला मिनिटं का नाहीत" असं नाही विचारायचं. "कोणती एक गोष्ट केली तर तुम्ही मला पहिल्या हाफमध्ये घालाल" असं.

शेवटचं लिहू की नको, आई म्हणते लिही. काका, २६ सामन्यांचे सगळे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्याला माहीत आहे का, की तुम्हाला ते तोंडपाठ आहेत? माझ्या बाबांना पण होते. ते वाईट नव्हते. पण मी बॉल हातात आला की स्टँडमध्ये त्यांच्या वहीकडे बघायचे.

---

नागपाडाकर | १५ जानेवारी, सकाळी ९:२२

मधुरा, बेटा, तुझं मराठी कच्चं असेल तर आमचं सगळ्यांचं हिरवं आहे. सलाम.

---

बॅजर_बंडू | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

हेच. आणि जागा रिकामी होण्याबद्दल ती म्हणते ते बरोबर, मी ते नशिबाचं अंग हलक्यात घेतलं होतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या ल्यूक मे याचंही तसंच. पहिल्या वर्षी सरासरी १.२ गुण. दुसऱ्या वर्षीही बाकावरूनच यायचा, आणि २०१७ मध्ये ०.३ सेकंद उरले असताना केंटकीविरुद्ध त्याने जिंकून देणारा शॉट मारला, ७५-७३. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला गडी हजर, अख्ख्या वर्गाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण सरासरी १६.९ वर गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी, मोठे खेळाडू निघून गेल्यावर. शॉट टीव्हीवर दिसला, रिकामी झालेली जागा कुणी दाखवत नाही.

---

सह्याद्रीचा_वारा | १५ जानेवारी, दुपारी ३:१५

माझ्या एकलव्याला कुणी वाली नाही या धाग्यावर. पण मधुराताईंचं वाचून माझा भाचा आठवला, ढोल-पथकात तीन वर्षं ध्वज धरत होता. असो, अवांतर.

---

आकडेमोड | १५ जानेवारी, दुपारी ३:३८

थोडं उलट बाजूने. शूटिंग टक्केवारीत खरी झेप घेणारेही असतात. इंडियानाचा व्हिक्टर ओलाडिपो दुसऱ्या वर्षी थ्रीमध्ये २०.८ टक्के, तिसऱ्या वर्षी ४४.१. मग २०१३ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. काल रात्री शोधलं, कारण तुम्ही लोकांनी मला या नादाला लावलंय. पण त्याचेही प्रयत्न वर्षाला काही डझनच होते, म्हणून २०.८ जेवढा वाईट दिसतो तेवढा नसावा आणि ४४.१ जेवढा चांगला दिसतो तेवढा नसावा. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तो खरा होता.

हिमकाका गायब आहेत. लाडू?

---

हिमकाका | २१ जानेवारी, रात्री ११:५०

गायब नव्हतो. मधुराचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. वही नाही माझ्याकडे, फोनमध्ये तक्ता आहे. सामन्यागणिक. रंगीत.

रविवारी फोन केला. एरवी मी सुरुवात करतो ती "शनिवारी कसं झालं" अशी, जणू मला माहीत नसतं. या वेळी विचारलं, सरावात स्काउट टीममध्ये कुणाची नक्कल करतोस? पलीकडे जरा शांतता. मग पोरगा वीस मिनिटं बोलला. या आठवड्यात तो समोरच्या संघाचा एक बुटका पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणणारा खेळाडू) आहे, जो प्रत्येक वेळी दोनदा थबकून मग उजवीकडे वळतो. सहा-तीनचा हा बाप्या पाच-दहावाल्याची नक्कल करतोय आणि मुख्य संघाला तो सापडत नाहीये. कोच म्हणे त्यावर हसले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत त्याने सांगितलं नाही असं नाही, मी विचारलं नाही.

जेव्हीचं मी काढलं नाही, त्याच्या आईने काढलं. आधी "तिथे फर्स्ट इयरवाली पोरं असतात" वगैरे झालं. मग तिने तिचं ब्रह्मास्त्र काढलं: लाडू प्रत्यक्ष आणून देते, पण सामना असेल त्या दिवशीच येईन.

आज संध्याकाळी सामना होता. जिममध्ये आम्ही धरून तीसेक माणसं, त्यातली चार साफसफाईवाली. स्कोअरबोर्डचा एक आकडा जळलेला, त्यामुळे आठ आणि शून्य सारखेच दिसत होते. पोरगा जवळजवळ पूर्ण वेळ खेळला. पहिला थ्री रिंगच्या पुढच्या कडेला. फिजिओताई, मी तुमची आठवण काढली. दुसरा बॉल हातात आला, मोकळा होता, आणि याने मारला नाही. आत पास दिला. नागपाडाकर, तुमची आठवण काढली. मग एकदा मदतीला धावताना ओरडला, इतक्या जोरात, की बायको दचकली. घरी तो "हूं" च्या पुढे बोलत नाही.

कोचला त्याने अजून विचारलेलं नाही. विचारेन म्हणाला. पुढल्या वर्षी त्याच्या जागेवरचे दोघं पास होऊन जातायत, एक राहतोय. बंडू, बघू.

सामन्यानंतर बाहेर गाडीपाशी उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले आणि डबा बॅगेत टाकला. उणे चौदा होतं. "कसा खेळलो" असं विचारलं नाही त्याने. मीही काही बोललो नाही.

---

आकडेमोड | २२ जानेवारी, सकाळी ७:०३

सगळं छान, पण काका, थ्री किती मारले? किती गेले? टर्नओव्हर?

---

हिमकाका | २२ जानेवारी, सकाळी ७:४१

मोजले नाहीत.

---

आकडेमोड | २२ जानेवारी, सकाळी ७:४२

हा माझा वैयक्तिक अपमान समजतो.

---

हिमकाका | २२ जानेवारी, सकाळी ७:५५

बायकोने मोजलेत. सांगत नाहीये.